ओठांवर बसलेला आवाज

९ जून

ताईच्या धाकट्या बहिणीस,

हे पत्र बघून तुम्ही बुचकळ्यात पडाल. आपण एकदाच भेटलोय, जानेवारीत, हॉस्पिटलच्या मागच्या पायऱ्यांवर. तुमच्या हातात तुमच्या ताईची पिशवी होती. काय बोलावं ते सुचेना म्हणून मी 'परतीची गाडी मिळेल ना' असं काहीतरी विचारलं होतं. तो उंच, पडेल चेहऱ्याचा माणूस म्हणजे मी. तुमची ताई ज्या सिनेमात काम करत होती त्याचा दिग्दर्शक. दिग्दर्शक म्हटलं की लोकांना खुर्ची आणि भोंगा आठवतो. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मूठभर माणसं, एक कॅमेरा आणि उसना टेम्पो, एवढ्यावर आम्ही सिनेमा काढला.

तुमचा पत्ता ती काम करायची त्या दातांच्या दवाखान्यातून मिळाला. अडीअडचणीला कुणाला कळवायचं, या प्रश्नापुढे तिनं घराऐवजी तुमच्या ऑफिसचा पत्ता लिहिला होता.

आता मुद्द्यावर येतो. सिनेमा जवळजवळ पूर्ण झालाय. पण रस्त्यावरचे चार सीन आम्ही परवानगी न काढता, गर्दीत घुसून घेतले. त्यात गाड्यांचे आवाज इतके आहेत की तिचं बोलणं खाली दबून गेलंय. अशा वेळी नटमंडळी नंतर स्टुडिओत येऊन आपलंच बोलणं पडद्यावरच्या ओठांवर पुन्हा बसवतात. ती येणारच होती. शूटिंग संपलं, आणि दोन दिवसांनी रस्ता ओलांडताना त्या व्हॅननं तिला धडक दिली.

त्या पायऱ्यांवर तुम्ही कुणाशी तरी फोनवर बोलत होता. 'हो, निघतेय' एवढंच म्हणालात. माझी पाठ होती. मी दचकून वळलो. मला वाटलं, तीच.

ते चार सीन तुम्ही बोलाल का? अभिनयाची काळजी करू नका. आवाज तर आहेच.

उत्तराची वाट बघतो.

— दिग्दर्शक


२० जून

दिग्दर्शकसाहेब,

पत्र ऑफिसात आलं ते बरं झालं. यापुढेही इथंच पाठवा. फोन करू नका. आमच्या घरात एकच मोबाईल आहे. आईला दिसत नाही, म्हणून तो आलेला प्रत्येक मेसेज मोठ्यानं वाचून दाखवतो. शेजारच्यांनाही ऐकू जातो. त्यामुळे मेसेजही नको. आणि घरी कुणा माणसाला पाठवून ताईबद्दल काही विचारू तर मुळीच नका.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर नाही असं आहे. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या फोनवर बसते. दिवसभर लोक मला सांगतात की पाणी आलं नाही, आणि मी त्यांना सांगते की नोंद केली. याच्या पलीकडं मला काही बोलता येत नाही. शाळेच्या गॅदरिंगला ताई राणी व्हायची आणि मी पडदा ओढायचे, तोही एकदा मधेच ओढला होता. प्रेमाचं तर मी कुणाशीच काही बोललेले नाही. ते दुसऱ्या कुणाच्या ओठांवर काय बसवणार?

शिवाय आईचं जानेवारीत हृदयाचं ऑपरेशन झालंय. तिला सोडून मला येता येत नाही.

आवाज सारखा असला म्हणून माणूस सारखं होत नाही. दुसरं कुणीतरी बघा.

— तिची बहीण


२७ जून

धाकट्या ताई,

दुसरं कुणीतरी बघून झालं. एक बाई आल्या, फार नावाजलेल्या. अर्ध्या दिवसात चारी सीन करून दिले. बिनचूक. एडिटरनं ते चित्राला लावून दाखवलं आणि आम्ही दोघं खाली मान घालून बसलो. तुमच्या ताईच्या चेहऱ्यातून कुणीतरी परकं माणूस बोलत होतं. मी ते पुसून टाकायला लावलं.

सिनेमा काय आहे ते तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल. एका लहान गावातली बाई मुलाखतीसाठी मोठ्या शहरात येते. मुलाखत पुढं ढकलली जाते. ती जिथं उतरलीय त्या इमारतीची लिफ्ट बंद पडते आणि लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तिला भेटतो. चार दिवस दोघं शहरात हिंडतात. तो तिला कामाच्या ठिकाणी घेऊन जातो, उंच इमारतींच्या माथ्यावरच्या, कुणी बघत नाही अशा मशीनच्या खोल्यांत. मग ती परत जाते. एवढंच. कुणी मरत नाही, कुणी फसवत नाही. ज्यांना ज्यांना गोष्ट सांगितली त्यांनी 'मग पुढं?' असं विचारलं. पुढं काही नाही. तुमच्या ताईनं मात्र विचारलं नाही. म्हणाली, 'बरोबर आहे. असंच असतं.'

शेवटचा निरोपाचा सीन बसस्टँडवर आहे. ती त्याला म्हणते, 'मला फोन करू नकोस. केलास तर मी उचलीन.' हेच वाक्य एका बसच्या हॉर्नखाली गेलंय.

शहरातलं एक छोटं थिएटर नोव्हेंबरात आमचा सिनेमा लावायला तयार आहे. त्याआधी आवाज पूर्ण झाला नाही तर ती जागा दुसऱ्याला जाईल, आणि मग हा सिनेमा माझ्या कपाटात राहील. मला त्याची सवय आहे. तिचं मात्र हे पहिलं काम होतं, आणि दुसरं आता होणार नाही.

ती तुम्हाला 'भुंगा' म्हणायची ना? काम करताना गुणगुणता म्हणून. तर, भुंगाताई, पुन्हा एकदा विचार करा.

— दिग्दर्शक


५ जुलै

दिग्दर्शकसाहेब,

मला भुंगा म्हणू नका. ते म्हणायचा हक्क ताईला एकटीलाच होता.

आधी एक सरळ विचारते. तुमचं आणि ताईचं काही होतं का? चार दिवसांचं हे प्रेम कुणाचं आहे? असेल तर माझी काही तक्रार नाही, पण मला माहीत असलेलं बरं.

आता माझं. मी 'नाही'ची जी कारणं लिहिली ती खोटी नाहीत, पण खरं कारण वेगळं आहे. ताई गेली हे आईला माहीत नाही.

तुम्हाला हे विचित्र वाटेल, म्हणून नीट लिहिते. गेल्या नोव्हेंबरात आईचं आणि ताईचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं. ताई नवऱ्याला सोडून शहरात गेली ते आईनं कसंबसं गिळलं होतं. सिनेमात काम करते म्हटल्यावर मात्र आईचा तोल गेला. म्हणाली, 'परत तोंड दाखवू नकोस.' ताईनं फोन ठेवला. त्यानंतर दोघींनीही केला नाही. दोघी एका मातीच्या.

जानेवारीत आईचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाली असेल, तर 'ताईला फोन करायला सांग.' मी जिन्यात जाऊन ताईला फोन लावला, तर तो कुणा पोलिसानं उचलला.

मामाला आईपाशी बसवून मी तिकडं आले. तेव्हाच तुम्ही मला पाहिलंत. परतले तेव्हा डॉक्टर म्हणाले, काही दिवस कसलाही धक्का नको. आणि आई सारखी विचारत होती, 'आला का तिचा फोन?' जेवत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डाबाहेरच्या जिन्यात उभी राहिले आणि वॉर्डातल्या फोनवर फोन लावला. नर्सनं तो आईच्या कानाला धरला. मी म्हटलं, 'आई, मी ताई.'

लहानपणापासून फोनवर आमच्यात आईची गल्लत व्हायची. मी तेवढ्यापुरतं करणार होते.

आता दर रविवारी माझी ड्यूटी असते तेव्हा ऑफिसच्या फोनवरून मी ताई होते. आई तिला सगळं सांगते. माझ्याबद्दलही. 'धाकटी करते गं सगळं, पण तिच्याशी बोलायला काही नसतं.' हे मी ऐकते आणि ताईच्या आवाजात म्हणते, 'असू दे आई, थकत असेल.' मग घरी जाऊन तिला औषध देते.

मार्चमध्ये आईचं जेवण पुन्हा सुटलं होतं. तेव्हा मी ताई म्हणून तिची माफी मागितली. म्हटलं, 'आई, माझं चुकलं. अशी रागावून जायला नको होतं.' आई किती तरी वेळ रडली. दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात चालायला लागली. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली.

म्हणून नको म्हणते. हा आवाज मी आधीच खूप वापरलाय.

— तिची बहीण


१० जुलै

धाकट्या ताई,

वाचून फार वाईट वाटलं.

तरी मनात आलं ते लिहून टाकतो. याचा अर्थ तुम्हाला हे जमतं. जिला फसवणं सगळ्यात अवघड, तिच्यापुढं तुम्ही इतके महिने उभ्या राहिला आहात. प्रेक्षक त्या मानानं फार सोपे. मला चारच सीन हवेत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तसं काही नव्हतं. सिनेमा हा सिनेमा असतो.

स्टुडिओ २५ तारखेला मोकळा आहे. धरून ठेवू का?

— दिग्दर्शक


१२ ऑगस्ट

धाकट्या ताई,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. यायचं कारणही नाही. एडिटरला मी काय लिहिलं ते सांगितलं. ती माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे आणि तोंडानं फटकळ. म्हणाली, 'तुला माणसं दिसतच नाहीत, तुला फक्त सीन दिसतात.' त्या पत्राची मला लाज वाटते. त्यातला 'सोपे' हा शब्द लिहिणारा हात माझाच होता, आणि तेव्हा तो जराही थांबला नाही.

आणखी एक दुरुस्ती करायची आहे. 'तसं काही नव्हतं' असं लिहिलं, ते तिच्या बाजूनं खरं आहे. माझ्या बाजूनं होतं. मी तिला पहिल्यांदा दातांच्या दवाखान्यात पाहिलं. माझी दाढ ठणकत होती आणि काउंटरवरून ती एका म्हाताऱ्या माणसाला समजावत होती की कवळीचा त्रास झाला तर आम्हाला फोन करा, पण ती तोंडात घातल्यावरच करा, नाहीतर बोलणं कळत नाही. दाढ काढून झाल्यावरही मी त्या दवाखान्यात जात राहिलो. मग ही गोष्ट लिहिली. लिफ्टवाला मीच आहे, फक्त जरा धीट केलेला. मी तिला कधी काही विचारलं नाही. तिला समजलं असावं, कारण एकदा शूटिंगच्या मधे म्हणाली, 'सिनेमा चांगला लिहिलाय तुम्ही. तेवढ्यावरच राहू द्या.' मी राहू दिलं.

सिनेमासाठी मी हे पत्र लिहीत नाही. तुम्ही सरळ विचारलं होतं, म्हणून सरळ सांगितलं.

— दिग्दर्शक


२४ ऑगस्ट

दिग्दर्शकसाहेब,

जुलैचं पत्र फाडून टाकलं. हे ठेवलं.

मी येते. ४ सप्टेंबरला, एक दिवस. मामा आईपाशी राहतील, ऑफिसचं ट्रेनिंग आहे असं सांगेन. या घरात अशी खोटी ट्रेनिंग फार झाली.

दोन कारणं आहेत. परवाच्या रविवारी आईनं ताईला विचारलं, 'तू येतेस कधी? माझी आता तब्येत बरी आहे, राग गेलाय.' मी 'दिवाणखान्यातला पलंग तयार ठेव, येते' म्हणून बसले. कशी म्हणाले कळत नाही. आता ती पलंगावरची चादर रोज हातानं चाचपून बघते, नीट आहे का म्हणून.

दुसरं, मी ताईला काम करताना कधीच पाहिलेलं नाही.

नामावलीत माझं नाव घालू नका. जेवायलाही थांबणार नाही.

— तिची बहीण


७ सप्टेंबर

धाकट्या ताई,

घरी नीट पोचलात का? तुम्ही अशा निघून गेलात की आम्हाला काही कळलंच नाही. काचेमागून आम्हाला एवढंच दिसलं की शेवटचं वाक्य झालं, तुम्ही हेडफोन काढून स्टँडवर ठेवले आणि दारातून बाहेर पडलात. एडिटर तुमच्या मागं बसस्टॉपपर्यंत धावत आली. तिला वाटलं तुम्हाला चक्कर आली. माझं काही चुकलं असेल तर सांगा. पुन्हा पुन्हा तेच वाक्य बोलायला लावलं, ते नको होतं का?

आवाज ओठांवर बसला. त्याहून जास्त मी काही लिहीत नाही, तुम्हाला ते ऐकायचं नसेल. साउंडवाल्या पोरानं, ज्याला कधी कशाचं कौतुक नसतं, दिवे लावले आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

एका ओळीचं उत्तर द्या. काळजी लागलीय.

— दिग्दर्शक


२१ सप्टेंबर

दिग्दर्शकसाहेब,

तुमचं काही चुकलं नाही. उशीर झाला, कारण इकडं बरंच घडलं.

तुम्ही हेडफोनमध्ये मला ताईचं मूळ बोलणं लावून दिलंत, त्यावरून वाक्याचा वेळ कळावा म्हणून. गाड्यांच्या आवाजाखाली ती होती. जानेवारीनंतर मी तिचा आवाज ऐकलाच नव्हता. दर रविवारी काढत मात्र होते. आणि ऐकताना माझ्या लक्षात आलं की तो मी काढते तसा नाही. ताई भरभर बोलायची. शब्दांची शेपटं खायची. समोरच्याचं संपायच्या आत तिचं सुरू व्हायचं. 'मला फोन करू नकोस' हे ती किती कोरडं म्हणते. मी आईला जी ताई ऐकवत होते ती सावकाश बोलायची, 'हो आई' म्हणायची, माफी मागायची. गोड होती. आमची ताई गोड नव्हती. आईची मुलगी गेली होतीच, आणि तिच्या जागी मी भलतीच कुणीतरी आणून बसवली होती.

म्हणून ते वाक्य तिच्यासारखं म्हटलं आणि निघाले.

आईला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. डॉक्टरांना आधी विचारलं. ते म्हणाले, आता हरकत नाही, आणि खरं तर एप्रिलमध्येही नव्हती. मीच विचारलं नव्हतं.

दुपार होती. आई खिडकीशी मटार सोलत बसली होती. मी म्हटलं, 'आई, ताईचं सांगायचंय.'

'काय, येत नाही म्हणते?'

'ताई गेली, आई. जानेवारीतच.'

'कुठं गेली?'

आपल्या भाषेत हा शब्द असा फसवा आहे. मला दुसरा शब्द वापरावा लागला. अपघात सांगितला. व्हॅन सांगितली. मी एकटी येऊन गेले तेही सांगितलं. ज्या हृदयाला मी इतके महिने जपत होते त्याला काहीच झालं नाही. आई बसून राहिली. हातातली शेंग तिनं पूर्ण सोलली.

मग म्हणाली, 'आणि रविवारी?'

'मी.'

'खोकला झाला होता तेव्हा?'

'मीच. मलाच झाला होता.'

'वाढदिवसाला माझ्या?'

'मी, आई.'

असं एक एक करत ती मागं गेली. मला माहीत होतं ती कुठं चाललीय. शेवटी म्हणाली, 'माझं चुकलं म्हणाली ती?'

इथं मला खोटं बोलता आलं असतं. ताईनं सांगून ठेवलं होतं, मी फक्त निरोप दिला, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही. पण त्यातही पुन्हा तिचाच आवाज लागला असता.

'तेही मीच,' मी म्हटलं.

'म्हणजे ती रागातच गेली.'

मी खाली पडलेली सालं गोळा केली. आई म्हणाली, 'परत तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं मी. नाही दाखवलं तिनं.'

नंतर उठून भिंतीच्या आधारानं दिवाणखान्यात गेली आणि पलंगावरची चादर काढून तिची घडी घातली. मला हात लावू दिला नाही.

त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. औषध घेते. ताट ठेवलं की जेवते. मामा म्हणतात, सांगितलंस कशाला, चाललं होतं ना सगळं. मामांना मी काय सांगणार?

— तिची बहीण


२९ सप्टेंबर

धाकट्या ताई,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस काही केलं नाही. मग साउंडवाल्या पोराकडं जाऊन सगळं जुनं रेकॉर्डिंग काढायला लावलं. टेक सुरू होण्याआधी आणि संपल्यावर माइक चालूच राहतो, माणसं काहीबाही बोलत असतात. ते कुणी ऐकत नाही. आम्ही सगळं ऐकलं.

बरंचसं बिनकामाचं आहे. चहात साखर नाही. बूट चावतोय. पण शूटिंगच्या शेवटच्या दिवशी, बसस्टँडवर, एडिटरचा आणि तिचा एक तुकडा सापडला. तो सोबतच्या छोट्या यंत्रात घातलाय. एकच बटण आहे, आईंना दाबता येईल. देण्याआधी तुम्हाला कळावं म्हणून इथं लिहितो.

एडिटर विचारते, 'आईला केलास का फोन?' तुमची ताई म्हणते, 'नाही. करणार होते. पण ती नुसतं जेवलीस का म्हणाली तरी मी रडीन. डोळे सुजले की आजचा सीन गेला.' मग गाडी जाते. मग म्हणते, 'आणि ती जेवलीस का म्हणणार नाही, ती आधी दोन शिव्या घालील.' आणि हसते. मग 'चला, लाइट जातोय' असा माझा आवाज आहे.

यात माफी नाही. मी खूप शोधली. शोधत होतो तेव्हाच समजलं की सापडली असती तर तुम्ही ती मी बनवली असं समजला असता, आणि त्यात तुमची चूक नसती. हे जसं होतं तसं आहे. द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. उजेड जात होता हे खरं, पण आज वाटतं, दहा मिनिटं थांबलो असतो तर तिनं फोन केलाही असता.

तुम्ही बोललेले चार सीन मी अजून सिनेमाला लावलेले नाहीत. तुम्ही आणि आई नको म्हणालात तर लावणार नाही. थिएटरला नाही म्हणून कळवेन.

— दिग्दर्शक


१९ ऑक्टोबर

दिग्दर्शकसाहेब,

यंत्र मिळालं. आठवडाभर माझ्या टेबलाच्या खणात होतं. मग आईच्या हातात दिलं. म्हटलं, 'यात ताई आहे. खरी. मी नाही.' ती म्हणाली, 'कशावरून?' मी म्हटलं, 'ऐक आणि तूच ठरव.'

तिनं बटण दाबलं. मी स्वयंपाकघरात उभी राहिले. तिथून गाड्यांचेच आवाज जास्त ऐकू येत होते. आईनं पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. शिव्यांचं वाक्य आलं की तिचं बोट थांबायचं. बऱ्याच वेळानं म्हणाली, 'घसा बसलाय तिचा. थंडीत उघड्या गळ्यानं फिरत असणार.' मग तोंडावर पदर घेतला. मी जवळ गेले नाही. तिला तेव्हा एकच मुलगी हवी होती, आणि ती मी नव्हते.

आता ते यंत्र तिच्या उशाशी असतं. ती माझ्याशी बोलते, कामापुरतं.

सिनेमाचं तिला सगळं सांगितलं. लिफ्टवाला, चार दिवस, बसस्टँड, सगळं. तुमच्या बाजूचंही सांगितलं, रागावू नका. ती म्हणाली, 'बरा दिसतो माणूस. विचारलं का नाही त्यानं तिला?' मी म्हटलं, ताईनंच अडवलं. 'ती अडवतच असते,' आई म्हणाली. असते म्हणाली.

चार सीनांचं विचारलं तेव्हा तिनं एक दिवस घेतला. मग म्हणाली, 'लोकांना हिचा आवाज ऐकवा म्हणावं. घेतलेलं काम अर्धं टाकायची नाही ती. मला हा गाड्यांसकटचा पुरे.' आणि नामावलीत माझं नाव घालायला सांगितलंय. मी नको म्हटलं. म्हणाली, 'चोरून बोलणं झालं तेवढं पुरे.' तेव्हा सीन लावा, आणि नाव घाला. दवाखान्यातल्या लोकांनाही बोलवा, त्यांना आवडेल. आम्ही येणार नाही. आईला बघता येणार नाही, आणि ऐकवणार नाही.

रविवारची ड्यूटी मी बदलून घेतली. त्या दिवशी आता घरी असते. दोघी असतो, पण फारसं बोलत नाही. तिचंच म्हणणं होतं ना, माझ्याशी बोलायला काही नसतं. ते खरंच आहे. जे होतं ते मी ताईच्या नावावर बोलून टाकलं.

परवा बाजारातून आले आणि दार ढकलता ढकलता सवयीनं हाक मारली, 'आई.' ती आतून म्हणाली, 'कोण?'

घरात तिसरं माणूस नाही. मी दारातच थांबले. म्हटलं, 'धाकटी.'

ती भिंत चाचपत दारापर्यंत आली. मग म्हणाली, 'नुसती हाक मारत जाऊ नकोस. आधी तू कोण ते सांगत जा.'

तेव्हापासून सांगते.

— धाकटी